भातुकलीची चूल आणि चिखलाचा ओटा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात महाराष्ट्रातली मुले चिखलात कोपरापर्यंत हात घालतात आणि त्यांना कोणी रागावत नाही. किल्ला करायचा असतो. विटांचे तुकडे, दगड, जुनी पोती, त्यावर लिंपलेली माती, उतारावर पेरलेले अळीव, वर महाराज आणि पायऱ्यांवर मावळे. हे पाच-सहा दिवस सोडले, तर वर्षभर चिखल म्हणजे घाण. त्यात मूल बसले की बोल आईला लागतो. किल्ल्याचा चिखल बहुतेक मुलग्यांच्या वाट्याचा. मुलींच्या वाट्याचा चिखल भातुकलीतला; तोही वाळूचा भात, विटेच्या भुकटीचे तिखट आणि आघाड्याच्या पाल्याची भाजी असा कोरडाच जास्त. या दोन चिखलांची एकाच अंगणात गाठ घालून देण्याचा एक प्रयोग माझ्याकडून घडला. त्यात मी काय शिकलो आणि कुठे चुकलो, ते इथे मांडतो.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत. गेली पंधरा वर्षे दुकान सांभाळून मी आसपासच्या गावांतल्या चुली पाहत फिरलो. एकेरी, वैलाची, दुहेरी, लग्नकार्यातले चर, गुऱ्हाळाची चुलाणे. त्यांची मापे घेतली, वह्या भरल्या. त्यामुळे एका अंगणवाडीच्या सेविका ताई 2023च्या मार्चमध्ये दुकानात आल्या आणि मोबाइलवरचे एक चित्र दाखवून म्हणाल्या, "तात्या, असं आपल्या पोरांसाठी करता येईल का?" तेव्हा मला फार बरे वाटले. चित्र परदेशातल्या एका बालवाडीचे होते. लाकडी फळ्यांचा ओटा, त्यात बसवलेले स्टीलचे घमेले, वर टांगलेले डाव आणि झारे, आणि पावसाळी बूट घालून चिखल ढवळणारी मुले.

ही कल्पना परदेशातही आजची नाही. लंडनच्या डेप्टफर्ड भागात मार्गारेट मॅकमिलन आणि त्यांची बहीण रेचेल यांनी 1914मध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी उघड्यावरची बालशाळा सुरू केली. मुलांना नीटनेटक्या बागेइतकाच दगड, डबे, जुनी भांडी यांचा मोकळा ढीगही हवा, असे मार्गारेटबाईंचे मत होते. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, 1943 साली, कोपनहेगनजवळच्या एमड्रूप येथे सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून भंगाराचे क्रीडांगण उभे राहिले. मोडके लाकूड, विटा, माती यांतून मुलांनीच काय ते उभारायचे. पुढे 1971मध्ये सायमन निकल्सन यांनी या साऱ्यामागचे सूत्र एका लेखात मांडले. खेळाच्या जागी जितक्या सुट्या, हलवता येणाऱ्या, जोडता-मोडता येणाऱ्या वस्तू असतील, तितका मुलांच्या शोधबुद्धीला वाव मिळतो, असा त्याचा मथितार्थ. तो लेख मी उशिरा वाचला. आधी वाचला असता तर माझी एक मोठी चूक टळली असती. ती पुढे येईलच.

आपल्याकडेही धागा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार त्यांचा. साधने विकत न आणता आसपास मिळेल त्यातून करायची, हा त्यांचा रिवाज. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज अनेक अंगणवाड्यांना अंगण असते ते सिमेंटचे. आमच्या अंगणवाडीला मात्र मागे कडुलिंबाखाली चांगली पंधरा बाय वीस फुटांची मातीची जागा होती.

आता माती. चुलींचा अभ्यास असल्याने मला मातीतले कळते, असा माझा समज होता. तो पहिल्या आठवड्यात उतरला. शेजारच्या वावरातली काळी माती आणली, भिजवली, तुडवली, कच्च्या विटा म्हणजे भेंडे पाडले आणि उन्हात मांडले. तिसऱ्या दिवशी त्यांत बोट जाईल एवढ्या भेगा. गावातल्या सत्तरीच्या कुंभारमामांना बोलावले. त्यांनी एक भेंडा उचलला, तो हातात दोन तुकडे झाला. "तात्या, काळी कुणाची नसते," ते म्हणाले. "पाणी दिसलं की फुगते, ऊन दिसलं की फाटते."

मामांनी एका वाक्यात सांगितले ते मृदाशास्त्र चार पानांत सांगते. दख्खनचा काळा दगड झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली खनिजे असतात. त्यांच्या कणांची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी पातळ थरांची असते आणि दोन थरांमध्ये पाणी शिरले की थर एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते. पाणी गेले की आक्रसते. उन्हाळ्यात आमच्याकडची रिकामी वावरे भेगाळतात ती यामुळेच. शिवाय तिच्यात चिकणमातीचे प्रमाण फार, अनेकदा निम्म्याच्या आसपास. कच्च्या विटेला साधारण 15 ते 30 टक्के चिकणमाती पुरते. बाकी वाळू आणि पोयटा हवा.

आपली माती कशी आहे, हे घरी तपासता येते. काचेची सरळ बरणी घ्यायची, एक तृतीयांश भरेल इतकी चुरलेली माती घालायची, वर पाणी आणि चिमूटभर मीठ. झाकण लावून दोनेक मिनिटे जोरात हलवायची आणि हात न लावता ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाशी बसते. तिच्यावर पोयटा बसायला काही तास लागतात. चिकणमाती सर्वांत शेवटी, कधी दुसऱ्या दिवशी. मग पट्टी लावून थर मोजायचे. आमच्या बरणीत निम्म्याहून जास्त उंची सर्वांत वरच्या थराची होती. कुंभारमामांना बरणी लागत नाही. ते ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करतात आणि बोटाभोवती गुंडाळतात. न तडकता गुंडाळली तर माती चिकट, तुकडे पडले तर वाळूसर.

शेवटी जमले ते मिश्रण असे: एक घमेले काळी माती, एक घमेले जुन्या पडक्या वाड्याची पांढरी माती, एक घमेले वाळू आणि ओंजळी-ओंजळीने गव्हाचा भुसा. हे सगळे भिजवून आठवडाभर झाकून ठेवले. भुसा कुजायला लागला की मातीला चिकटपणा येतो आणि भेगा धरून ठेवायला आतून काड्याही मिळतात. वास येतो, त्याला इलाज नाही. पाया दगडाचा घातला आणि त्यावर पक्क्या विटांचे दोन थर जमिनीपासून वर आणले. मातीच्या भिंतीची खरी दुश्मन वरून पडणारी सर नसते, खालून चढणारी ओल असते. वर उसाच्या पाचटाचे छप्पर केले.

सारवण्याच्या वेळी अडलो. चूल म्हटली की शेणाने सारवणे आलेच, आणि शेणातल्या तंतूंमुळे सारवण टिकते हेही खरे. पण धनुर्वाताचे जिवाणू मातीत असतात तसे जनावरांच्या शेणातही असतात. जिथे तीन वर्षांचे मूल खरचटलेले हात दिवसभर घासणार, तिथे शेवटचा हात शेणाचा नको, असे मी ठरवले. गेरू आणि बारीक माती तांदळाच्या खळीत कालवून वापरली. ती लवकर निघते आणि वर्षातून दोनदा पुन्हा द्यावी लागते. गावातल्या दोन आज्यांना हे अजिबात पटले नाही. बिनशेणाच्या चुलीला त्या अजून "बोडकी चूल" म्हणतात.

ओट्याची उंची ठरवायला मी शिंप्याची टेप घेऊन मुलांची कोपरे मोजली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची कोपरे जमिनीपासून 53 ते 66 सेंटिमीटरवर होती. उभ्याने कालवायचे तर ओटा कोपरापेक्षा थोडा खाली हवा, म्हणून एक भाग 45चा आणि दुसरा 55चा केला. टोकाला वैलाची छान चूल घातली. माझ्या वह्यांमधली सर्वांत देखणी चूल होती ती, निम्म्या मापात. त्या चुलीचा मला फार अभिमान होता.

पहिल्या दिवशी मुले आली, ओट्याला एक फेरी मारली आणि ओट्याच्या मागे जमिनीवर बसली. भांडी खाली घेतली. एकीने मांडी घालून परात पुढे ओढली, दुसरी एक पाय दुमडून, एक गुडघा उभा करून बसली. थेट आईसारखी, आजीसारखी. उभ्याने स्वयंपाक त्यांच्यातल्या फार थोड्यांनी घरात पाहिला होता. चित्रातला ओटा परदेशी होता आणि मी मापे घेतली ती कोपरांची. ही मुले बसतात कशी, हे पाहिलेच नव्हते. पुढे ओट्याचा उपयोग झाला, पण दुकानाचा गल्ला म्हणून. स्वयंपाकासाठी आम्ही खाली चार इंच उंचीचा सारवलेला चौथरा करून दिला. जमिनीला लागून राहील, पण पाणी साचणार नाही, इतकाच.

दुसरी चूक मात्र मापाची नव्हती.

आठवड्याने पालकांची बैठक होती. मी कौतुकाच्या अपेक्षेने गेलो होतो. एक बाई मागे उभी होती, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली. ती म्हणाली, "तात्या, रागावू नका. पण माझी पोर तीन म्हयने माझ्यासंगं कोपीवर असती. मी पहाटं चूल पेटवती तवा ती धुरात बसती. तिला चुलीपासनं सोडवायची म्हणून मी हितं घातली. आन् तुम्ही तिला हितंबी चूलच मांडून दिली?" थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "मोठ्याघरच्या पोरांना चिखल हौसंचा. आमच्या पोरांना तो रोजचाच हाय."

सभेत कोणी काही बोलले नाही. मीही नाही. चुलींवर पंधरा वर्षे वह्या भरलेल्या माणसाने आयुष्यात एक वेळचा स्वयंपाकही चुलीवर केलेला नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लख्ख दिसले. फुंकणीने डोळे लाल होतात, हे मी नोंदवले होते. माझे झाले नव्हते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीच्या गाडीसाठी नाही, तर शेजारच्या मुलासारखी सोन्याची गाडी हवी म्हणून रडतो. मातीचे खेळणे ज्याला दुसरे काही मिळतच नाही त्याला वेगळे दिसते आणि ज्याने ते निवडले आहे त्याला वेगळे. नाटकाचे नावच त्या गाडीवरून आहे, तरी हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

मी दोन रात्री विचार केला. खेळातली चूल म्हणजे मुलीला चुलीला जुंपणे नव्हे, असे उत्तर देता आले असते. मूल जे पाहते तेच खेळते आणि खेळता खेळता त्याच्यावर मात करते, असेही सांगता आले असते. त्यात तथ्य आहे, असे मला आजही वाटते. पण भातुकली शेकडो वर्षे मुलींच्याच हाती का दिली गेली, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. लग्नात मुलीला, लहानपणी तिला, दोन्हीकडे भांडीच. फक्त मापाचा फरक. आणि माझी ती देखणी चूल पक्की होती. ती चुलीशिवाय दुसरे काही होऊच शकत नव्हती. निकल्सन यांचा लेख मी याच सुमारास वाचला.

ताईंशी बोलून आम्ही चूल काढली. काढताना जीव तुटला, खोटे कशाला बोलू. तिच्या जागी पंचवीस-तीस सुटे दगड ठेवले, एका मुलाला उचलता येतील असे पण पायावर पडले तर बोट मोडणार नाही असे. शिवाय अर्ध्या विटा, बांबूचे कांडे, नारळाच्या करवंट्या आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे. ज्याला चूल हवी त्याने तीन दगड मांडावेत. "स्वयंपाकघर" हा शब्द ताईंनी वापरणे बंद केले. त्या जागेला आता सगळे "चिखलाचा ओटा" म्हणतात.

जे कोणी असे काही करू पाहतील त्यांच्यासाठी काळजीच्या गोष्टी सांगतो, कारण इथे हयगय चालत नाही. खेळायची माती बांधकामाच्या मातीपेक्षा वेगळी हवी. चाळलेली, वाळूसर आणि फवारणी होत नाही अशा जागेची. आमच्या भागात कांदा आणि ऊस यांवर भरपूर औषध पडते, म्हणून बांधालगतची माती आम्ही घेतली नाही. कीटकनाशकाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी आणायचे नाहीत. मी स्वतः दुकानातले वार्निशचे चकचकीत डबे घेऊन निघालो होतो. मुलाने दारातच अडवले. जुन्या रंगाचे पोपडे आणि फुटक्या बॅटऱ्या पडलेल्या जागेची मातीही वर्ज्य, कारण त्यात शिसे असते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते बाधते. रात्री माती ताडपत्रीने झाकतो, नाहीतर मांजरे तिचा उपयोग करतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात, म्हणून जंतनाशक दिनाची गोळी आणि खेळानंतर साबणाने हात-पाय धुणे, दोन्ही चुकवायचे नाही. धनुर्वाताची लस झालेली आहे ना, हे ताई कार्डावर बघतात. बादली भरून ठेवायची नाही. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. छोटी घमेली, आणि संध्याकाळी सगळी पालथी. साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. एखादे मूल खेळातली माती सतत खात असेल, तर त्याला रागावण्याआधी त्याचे रक्त तपासून घ्यावे.

आणि कुंपण बघा. भातुकलीत भाजी लागते आणि भाजी कुंपणावरून तोडली जाते. आमच्याकडे मोगली एरंडाचे कुंपण होते. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात आणि त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब होतात. ते सगळे उपटले. कण्हेर, धोतरा आणि गुंजेचा वेलही जवळ नको. त्यांच्या जागी गवती चहा, तुळस आणि पुदिना लावला. आता चिखलाला वासही येतो.

दोन वर्षे मी आठवड्यातून एकदा तिथे जाऊन बसतो. पाहिले ते सांगतो, त्याला संशोधन म्हणा किंवा म्हणू नका. सुटे दगड आल्यावर मुलगे वाढले. आधी ते लांबून बघायचे. चूल मांडली जाते, पण रोज नाही. एका मुलाने करवंट्यांवर बांबूचे कांडे उभे केले आणि ट्यूबचा तुकडा लावला. मी विचारले तर म्हणाला, "गॅस हाय. टाकी संपली." मग तो बराच वेळ दुसरी टाकी आणायला गेला. ती मिळाली नाही, म्हणून त्याने शेवटी तीन दगड मांडले. त्याच्या घरीही असेच होत असावे. ऑक्टोबरात ओट्याची उतरती बाजू किल्ल्याची तटबंदी होते आणि बुरुजावर बोळकी ठेवलेली असतात. गडावर जेवायला लागतेच, असा मुलींचा मुद्दा असतो. दवाखाना निघतो, ऊसाचा काटा निघतो. काट्यावर वजन करणारा नेहमी वजन मारतो आणि त्यावरून भांडण होते.

त्या बाईची मुलगी यंदा पाच वर्षांची झाली. दसऱ्यानंतर त्यांची टोळी निघते, म्हणून मी मुद्दाम आधी जाऊन आलो. ती 55च्या ओट्यामागे विटेवर उभी होती आणि तिच्यापुढे चिखलाचे चपटे गोळे ओळीने मांडले होते. मी एक मागितला. "वडापाव पंधरा रुपये," ती म्हणाली. मी कडुलिंबाची दोन पाने पुढे केली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"तात्या, सुट्टे द्या."